महासत्तेची पत : पौंडाची कहाणी आणि डॉलरचे भवितव्य

डिसेंबर २००६ च्या अखेरीस ब्रिटनने अमेरिकेला सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरचा एक हप्ता चुकता केला. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात ही रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. परंतु त्या हप्त्याने साठ वर्षांचे एक जुने कर्जखाते बंद झाले. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४६ मध्ये, ब्रिटनने अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घेतले होते. व्याज दोन टक्के आणि परतफेड पन्नास वार्षिक हप्त्यांत. मधल्या काळात सहा वेळा हप्ता पुढे ढकलण्याची सवलत घ्यावी लागली, म्हणून फेड लांबत लांबत एकविसाव्या शतकात येऊन पोहोचली.

हे कर्ज घेणारे राष्ट्र युद्धात हरलेले नव्हते. ते विजयी राष्ट्र होते. त्याचे आरमार सर्व महासागरांत फिरत होते, त्याच्या साम्राज्यात भारतासारखा खंडप्राय देश होता, आणि तरीही घरखर्च भागविण्यासाठी त्याला मित्राच्या दारी जावे लागले. एखाद्या महासत्तेला आपले आर्थिक आणि लष्करी वर्चस्व कायम टिकविता येते काय, हा प्रश्न आज अमेरिकेच्या संदर्भात वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना विमानवाहू नौका आणि क्षेपणास्त्रे मोजण्याची प्रथा आहे. बँकिंग व्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकाने मात्र आधी खातेवही उघडलेली बरी. सैन्य दिसते, पत दिसत नाही. आणि ब्रिटनच्या बाबतीत आधी ढळली ती पत.

लंडनवरची हुंडी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाच्या व्यापाराचे चलन म्हणजे लंडनवर काढलेली पौंडातील हुंडी. मुंबईहून कापूस लिव्हरपूलला जावो वा चीनहून चहा न्यूयॉर्कला जावो, पैसे चुकते होत ते लंडनमार्गे. ज्या व्यवहारात इंग्रज ना विकणारा ना घेणारा, त्याचीही दलाली, विमा आणि व्याज लंडनच्या पेढ्यांना मिळे. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच अमेरिकेचे एकूण उत्पादन ब्रिटनच्या पुढे गेले होते. पण डॉलरला जागतिक व्यापारात फारसे कोणी विचारीत नव्हते. अमेरिकेला १९१३ पर्यंत मध्यवर्ती बँकच नव्हती. उत्पादनात मागे पडलेले राष्ट्र चलनाच्या बळावर पुढची कित्येक दशके अग्रस्थानी राहू शकते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पहिल्या महायुद्धाने हा डोलारा हलविला. जगाचा धनको असलेला ब्रिटन अमेरिकेचा ऋणको बनला. १९२५ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी पौंड पुन्हा सुवर्णपरिमाणावर आणला, तोही युद्धापूर्वीच्याच ४.८६ डॉलर या दराने. जुना दर म्हणजे जुनी प्रतिष्ठा, असा त्यामागील विचार. परंतु त्या दराने ब्रिटिश माल परदेशांत महाग झाला आणि कोळसा व कापड या धंद्यांची कोंडी झाली. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी त्याच वर्षी या निर्णयावर कठोर टीका केली. ती कोणी मनावर घेतली नाही.

सप्टेंबर १९३१ मध्ये अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्यासाठी सरकारने नौसैनिकांच्या वेतनात कपात जाहीर केली. स्कॉटलंडमधील इन्व्हरगॉर्डन येथे नांगरून असलेल्या आरमारातील नाविकांनी कामावर जाण्यास नकार दिला. ज्या आरमाराच्या नावावर पौंडाची पत उभी होती, तेथेच पगारासाठी असंतोष उसळल्याची बातमी बाजारात पोहोचताच लंडनमधून सोने झपाट्याने बाहेर जाऊ लागले आणि काही दिवसांतच, २१ सप्टेंबर रोजी, ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले. शस्त्रबळ आणि अर्थबळ ही एकाच खात्याची दोन पाने असल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

भारताची अडकलेली शिल्लक

दुसऱ्या महायुद्धात या कहाणीला एक वेगळे वळण लागले आणि त्याचा संबंध थेट भारताशी आहे. युद्धासाठी लागणारे कापड, धान्य, दारूगोळा आणि इतर साहित्य ब्रिटन भारतातून मोठ्या प्रमाणावर खरेदी करीत होता. त्याची किंमत लंडनमध्ये भारताच्या नावे पौंडांत जमा होई, आणि त्या पौंड-रोख्यांच्या आधारावर रिझर्व्ह बँक येथे रुपयाच्या नोटा छापी. म्हणजे माल गेला, नोटा आल्या आणि भाव कडाडले. १९४३ च्या बंगालच्या भीषण दुष्काळात या चलनफुगवट्याचाही वाटा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. युद्ध संपले तेव्हा भारताच्या नावावर सुमारे १३० कोटी पौंडांची शिल्लक साचली होती. पिढ्यान् पिढ्या कर्जदार असलेला भारत आपल्या राज्यकर्त्यांचा सावकार बनला होता. मात्र ही सावकारी गरीब जनतेच्या पोटाला चिमटा घेऊन झालेली होती.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. तेथील भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. कोकणातील महाडजवळच्या नाते येथे जन्मलेले देशमुख जेमतेम वर्षभरापूर्वी त्या पदावर आले होते. या शिल्लकेचा काही भाग तरी डॉलर वा अन्य चलनांत बदलता यावा, अशी भारताची मागणी होती. शिष्टमंडळातील उद्योगजगताचे प्रतिनिधी ए. डी. श्रॉफ यांनी भारताची स्थिती मोठ्या मार्मिकतेने मांडली : बँकेत दहा लाख डॉलर शिल्लक, पण खिशात टॅक्सीच्या भाड्यापुरतीही रोकड नाही, अशा माणसासारखी. ब्रिटनच्या बाजूने स्वतः केन्स बोलले. ब्रिटन आपले देणे सन्मानाने फेडील, परंतु ही बाब दोन देशांनी आपसांत सोडवावी, असे त्यांचे म्हणणे पडले आणि तेच मान्य झाले.

पुढे १९४७ पासून वेळोवेळी करार होऊन ही शिल्लक थोडी थोडी खुली झाली. पण तिच्या मूल्याची हमी कोणीच दिलेली नव्हती. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचा दर ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणला. कर्जदाराने एका रात्रीत आपल्या चलनाची किंमत तीस टक्क्यांनी उतरविली, आणि भारताच्या खात्यातील आकडा न बदलताही त्याचे डॉलरमधील मोल तेवढेच घटले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ही गंगाजळी बव्हंशी संपली. जे देश आज आपली गंगाजळी डॉलरमध्ये ठेवतात, त्यांच्या मध्यवर्ती बँकांतील जाणत्या मंडळींना हा इतिहास चांगला ठाऊक असतो.

सुवेझ, १९५६

इतके होऊनही १९५६ पर्यंत ब्रिटन स्वतःला महासत्ताच समजत होता, आणि इतर अनेक देशही त्याला तसेच मानत होते. २६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्दुल नासर यांनी सुवेझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. पश्चिम युरोपला लागणाऱ्या तेलाचा मोठा भाग या कालव्यातून येत असे. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुप्तपणे संगनमत केले. २९ ऑक्टोबरला इस्रायलने हल्ला चढविला आणि ५ नोव्हेंबरला ब्रिटिश व फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सैद येथे उतरले. लष्करी दृष्ट्या मोहीम यशस्वी होत होती. इजिप्तचे सैन्य त्यांना रोखू शकले नाही. त्यांना रोखले ते बँक ऑफ इंग्लंडच्या ताळेबंदाने.

पौंडाचा २.८० डॉलर हा दर टिकविण्याची जबाबदारी ब्रिटनवर होती. युद्धाची चाहूल लागताच पौंड विकून डॉलर घेणाऱ्यांची रांग लागली. एकट्या नोव्हेंबर महिन्यात ब्रिटनच्या गंगाजळीतून २७ कोटी ९० लाख डॉलर बाहेर गेले. २०० कोटी डॉलर ही किमान मर्यादा मानली जात होती आणि ती आता ओलांडली जाणार हे दिसत होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून उचल करणे हा एक मार्ग होता. पण अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आणि अर्थमंत्री जॉर्ज हम्फ्री यांनी बजावले की सैन्य माघारी घेतल्याखेरीज मदत मिळणार नाही. ६ नोव्हेंबरच्या मंत्रिमंडळ बैठकीत अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन यांनी शस्त्रसंधीचा आग्रह धरला. मोहिमेचे सुरुवातीपासूनचे कट्टर समर्थक तेच होते! गंगाजळीतील घट त्यांनी त्या दिवशी प्रत्यक्षाहून अधिक फुगवून सांगितली, असेही इतिहासकारांनी पुढे दाखवून दिले. त्याच मध्यरात्री तोफा थांबल्या. डिसेंबरमध्ये सैन्य माघारी घेण्याचे जाहीर झाले आणि मग नाणेनिधीने एकूण १३० कोटी डॉलरची व्यवस्था करून दिली. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान अँथनी ईडन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी मॅकमिलनच आले.

या प्रकरणातील एक तपशील बँक व्यवसायातील वाचकांना विशेष रोचक वाटावा. फ्रान्सही याच मोहिमेत सामील होता, पण त्याच्यावर असे आर्थिक संकट कोसळले नाही. त्याने ऑक्टोबरमध्येच, हल्ल्यापूर्वी, नाणेनिधीशी उचलीची व्यवस्था करून ठेवली होती. ब्रिटनला ते सुचले नाही. कदाचित आपल्याला मंजुरी मागावी लागेल ही कल्पनाच त्याला मानवली नसावी. बडा घर, पोकळ वासा!

त्यानंतरची उतरण सावकाश झाली. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे पुन्हा अवमूल्यन होऊन दर २.४० डॉलर झाला आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६८ मध्ये, सुवेझच्या पूर्वेकडील लष्करी तळ सोडण्याचा निर्णय हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने जाहीर केला. या दोन घटनांतील अंतर पाहिले म्हणजे कारण आणि परिणाम वेगळे सांगावे लागत नाहीत. भारतीय रुपयाने मात्र पौंडाची साथ कायमची सोडली ती सप्टेंबर १९७५ मध्ये.

डॉलरचे वेगळेपण

ब्रिटनच्या जागी अमेरिका आली ती प्रचंड सामर्थ्यानिशी. ब्रेटन वुड्स व्यवस्थेत एक औंस सोन्याची किंमत ३५ डॉलर ठरली आणि इतर चलने डॉलरशी बांधली गेली. परंतु १९६० मध्येच अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिफिन यांनी या रचनेतील पेच दाखविला होता. जगाला व्यापारासाठी डॉलर हवे असतील तर अमेरिकेने ते देशाबाहेर पाठवीत राहिले पाहिजे; आणि ती तसे करीत राहिली तर एके दिवशी बाहेरचे डॉलर तिच्या तिजोरीतील सोन्यापेक्षा कितीतरी अधिक होतील. व्हिएतनाम युद्धाच्या खर्चाने तो दिवस जवळ आणला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले.

त्या दिवशी डॉलरचे राज्य संपावयास हवे होते, आणि येथेच ब्रिटनचा दाखला अपुरा पडतो. सोन्याचा आधार गेला तरी डॉलर टिकला, किंबहुना अधिक पसरला. तेल डॉलरमध्येच विकले जात राहिले. १९८७ मध्ये इतिहासकार पॉल केनेडी यांनी महासत्तांच्या उदयास्तावरील आपल्या ग्रंथात, आर्थिक कुवतीपलीकडे लष्करी जबाबदाऱ्या घेणारी सत्ता अखेर खचते, असा सिद्धान्त मांडला आणि अमेरिकेला इशारा दिला. प्रत्यक्षात चारच वर्षांत खचला तो सोव्हिएत संघ, आणि अमेरिकेला मागे टाकणार म्हणून ज्याची चर्चा होती त्या जपानच्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. केनेडींचे तत्त्व चुकले नव्हते. मात्र ते आधी कोणाला लागू पडेल, याचा अनेक वाचकांचा अंदाज चुकला.

अमेरिकेचे वेगळेपण पुष्कळसे तिच्या कर्जाच्या स्वरूपात आहे. युद्धोत्तर ब्रिटनने अमेरिकेचे देणे डॉलरमध्ये, म्हणजे परक्या चलनात, पत्करले होते. अमेरिका कर्ज घेते ते स्वतःच्या चलनात. फ्रान्सचे व्हॅलेरी जिस्कार देस्तँ अर्थमंत्री असताना याला अवाजवी विशेषाधिकार म्हणत, ते खोटे नव्हते. शिवाय तिच्या सरकारी रोख्यांची बाजारपेठ इतकी खोल आहे की अब्जावधींची खरेदी-विक्री दिवसात पार पडते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीनुसार परकीय चलनाच्या दर शंभर व्यवहारांपैकी ८८ मध्ये एका बाजूला डॉलर असतो. १९५६ च्या ब्रिटनप्रमाणे अमेरिका आयात तेलाच्या मेहेरबानीवरही जगत नाही. २०१८ पासून ती जगातील सर्वांत मोठी तेल उत्पादक आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली. आग अमेरिकेत लागली होती, पण जगभरचा पैसा आश्रयासाठी धावला तोही अमेरिकेच्याच सरकारी रोख्यांकडे. पतीचा याहून मोठा दाखला तो कोणता?

वाळवीच्या खुणा

तरीही अलीकडच्या काही नोंदी दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे कर्ज ३६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेले. त्या वर्षी त्या देशाचा लष्करी खर्च जगाच्या एकूण लष्करी खर्चाच्या एक तृतीयांशाहून अधिक, सुमारे एक लाख कोटी डॉलर होता. आणि त्याच आर्थिक वर्षात सरकारी कर्जावरील निव्वळ व्याजाचा खर्च अर्थसंकल्पातील संरक्षण खर्चापेक्षा अधिक भरला. व्याज ही अशी बाब आहे की तीतून एकही नौका बांधली जात नाही. २०११, २०२३ आणि २०२५ या वर्षांत तीन प्रमुख पतमापन संस्थांनी एकामागोमाग एक अमेरिकेचा सर्वोच्च दर्जा एका पायरीने खाली आणला.

नौकांचा विषय निघालाच आहे, तर तेही पाहणे उचित होईल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ‘लिबर्टी’ या एकाच प्रकारची २,७०० हून अधिक मालवाहू जहाजे बांधली. आज जगातील व्यापारी जहाजबांधणीचा निम्म्याहून अधिक भाग चीनकडे आहे आणि अमेरिकेचा वाटा एक टक्काही नाही. विमानवाहू नौका अकरा आहेत, पण त्यांची दुरुस्ती आणि भर घालणारे कारखाने थोडे आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा स्वस्त ड्रोन पाडण्यासाठी अमेरिकी युद्धनौकांना लाखो डॉलर किमतीची क्षेपणास्त्रे वापरावी लागली. आणि तरीही २०२४ मध्ये अनेक मोठ्या जहाज कंपन्या सुवेझ टाळून आफ्रिकेला वळसा घालीत राहिल्या. त्या वळशाचे वाढीव भाडे आणि विमा युरोपला माल पाठविणाऱ्या भारतीय निर्यातदारांनीही भरला.

याहून खोल घाव मात्र स्वतःच्या हाताने झाला आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर अमेरिका व तिच्या मित्रदेशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०,००० कोटी डॉलर मूल्याची गंगाजळी गोठविली. आक्रमण निषेधार्हच होते. परंतु इतर देशांनी त्यातून घेतलेला बोध निराळा होता : परक्याच्या घरी ठेवलेली ठेव आपली असतेच असे नाही. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत जगातील मध्यवर्ती बँकांनी मिळून प्रत्येकी हजार टनांहून अधिक सोने खरेदी केले. भारताच्या रिझर्व्ह बँकेनेही २०२३-२४ या वर्षात ब्रिटनमध्ये ठेवलेले सुमारे १०० टन सोने मायदेशी आणले. जगाच्या गंगाजळीतील डॉलरचा वाटा या शतकाच्या आरंभी ७० टक्क्यांच्या वर होता, तो २०२४ मध्ये ५८ टक्क्यांच्या खाली आला.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने जवळजवळ सर्व देशांवर नवी आयातशुल्के जाहीर केली, त्यानंतरचे काही दिवस अभ्यासण्याजोगे आहेत. शेअर बाजार घसरला, हे अपेक्षितच होते. पण २००८ च्या उलट, या वेळी अमेरिकी सरकारी रोखे आणि डॉलर हे दोन्हीही त्याच्याबरोबर घसरले. आश्रयस्थानाविषयीच शंका उत्पन्न झाली. ती काही दिवसांत ओसरली. पण अशा शंकेची पहिली वेळ महत्त्वाची असते, हे कोणत्याही शाखा व्यवस्थापकाला समजावून सांगावे लागणार नाही.

उत्तराधिकारी कोण?

पौंडाची जागा घ्यावयास डॉलर तयार उभा होता. डॉलरची जागा घ्यावयास असे कोण आहे? चीनचा जगाच्या कारखानदारीतील वाटा तीस टक्क्यांच्या आसपास आहे, परंतु गंगाजळीतील युआनचा वाटा दोन टक्क्यांच्या आगेमागेच घुटमळतो. भांडवल देशाबाहेर नेण्यावर जोवर तेथील सरकारचे निर्बंध आहेत, तोवर परकीय बचतदार तेथे मोठी ठेव ठेवण्यास धजावणार नाही. शिवाय २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली आहे. युरोजवळ समाईक चलन आहे. समाईक अर्थखाते आणि समाईक सैन्य नाही. म्हणून नजीकच्या भविष्यात डॉलर पदच्युत होण्यापेक्षा त्याची मक्तेदारी हळूहळू झिजणे अधिक संभवते. अमेरिका सर्वांत बलाढ्य राष्ट्र राहील. पण एकाच वेळी युरोप, पश्चिम आशिया आणि प्रशांत महासागर या तिन्ही आघाड्यांवर हुकूम चालविण्याइतकी तिची पत स्वस्त राहणार नाही. ब्रिटनला सुवेझमध्ये कोणी तरी थांबवू शकत होते. अमेरिकेला थांबविणारा असा धनको नाही, आणि तिच्या दृष्टीने कदाचित हेच अधिक धोक्याचे आहे.

मक्तेदारी झिजल्याने आपोआप दुसऱ्याचे चलन चालू लागत नाही, याचा अनुभव भारतानेही घेतला आहे. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापाराची देवघेव रुपयांत करण्याची व्यवस्था जाहीर केली आणि त्यासाठी भारतीय बँकांत विशेष व्होस्ट्रो खाती उघडण्यास परवानगी दिली. रशियाकडून तेलाची खरेदी झपाट्याने वाढली, पण रशियाला भारताकडून घेण्यासारखा माल त्या मानाने फारच थोडा होता. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक गोव्यात भरली असता रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी पत्रकारांना सांगितले की भारतीय बँकांत रशियाचे अब्जावधी रुपये साचले आहेत. ते वापरावयाचे तर दुसऱ्या चलनात बदलून घ्यावे लागतील आणि त्याविषयी बोलणी चालू आहेत. ब्रेटन वुड्समध्ये श्रॉफ आणि देशमुख ज्या बाजूला बसले होते, त्या बाजूला या वेळी रशिया होता.